शून्य वॅटची तलवारबाजी: हॉल मिळवतानाचा माझा अनुभव

फॉइल (तलवारबाजीची हलकी, बोथट टोकाची तलवार) आले, मास्क आले, शिकवणारे सरही मिळाले. अडलं ते हॉलच्या अर्जापाशी, ‘विद्युत भार (वॅट)’ या रकान्यात.

वेंगुर्ल्यात आम्ही काहीजण जुन्या पद्धतीची तलवारबाजी करतो. टोक लागलं की गुण दाखवणारी वायर नाही, दिवे नाहीत. रकान्यात शून्य लिहिलं. खिडकीतल्या साहेबांनी अर्ज परत सरकवला. “मशीन किती वॅटचं?”

मशीनच नाही म्हटलं.

“टीव्हीवर तर दिवा लागतो. मग गुण देतं कोण?”

माणसं देतात, साहेब! मध्ये अध्यक्ष म्हणजे मुख्य पंच, दोन्हीकडे दोन-दोन परीक्षक. परीक्षकाने आपल्या बाजूचा नाही, समोरचा खेळाडू बघायचा, त्याला टोक लागलं का ते. परीक्षकाचं एक मत, अध्यक्षाचं दीड. “दीड?” साहेब हसले आणि शेजारच्या टेबलालाही सांगून आले. ऑलिम्पिकमध्ये फॉइलला वीज लागली १९५६ साली. त्याआधी काय नुसते उभे राहायचे? पण हे मनातल्या मनात, मागे घरपट्टीची रांग होती.

पुढच्या खेपेला नवीन कारण: संगणक शून्य घेत नाही. मग साहेब रजेवर. मग गणपती आले, म्हणजे विषयच संपला. अर्ज त्याच फायलीत, वर चहाच्या कपाचा गोल डाग.

शेवटी तिथल्या शिपाईकाकांनीच वाट काढली. “पंखे लावतलास मा? मगे तेंचोच भार लिव.” लिहिला. पाच मिनिटांत सही! इतका राग आला की आभार मानायचेही राहत होते.

तुम्ही अर्ज करणार असाल तर पंखे आधी मोजून ठेवा आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. हो, फॉइलचा फोटोही जोडा. ‘तलवार’ वाचून पोलिसांचा दाखला मागतील. पात्याला धार नसते, टोक बोथट असतं, हे फोटोत दिसू द्या.

सरावाचं म्हणाल तर परीक्षकांना चार माणसं रोज कुठून आणणार? म्हणून ज्याला लागलं त्यानेच हात वर करून सांगायचं. मारणाऱ्याने “लागलं, लागलं” ओरडायचं नाही. आमच्यातल्या क्रिकेटवाल्यांना हे अजून जमत नाही.

आणि आपल्याकडची खारी हवा पात्यांची वैरी. घामट जॅकेटसोबत एका पिशवीत ठेवू नका, पुसून मशीनचं तेल लावा. गंजाने खड्डा पडला की पातं तिथेच तुटतं. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत तुटलेलं पातं मास्कमधून शिरून सोव्हिएत तलवारबाज स्मिर्नोव्हचा जीव गेला होता. खड्डा दिसला की ते पातं सरळ भंगारात.