पहिल्याच पानावर खुनी

“पहिल्याच पानावर खुन्याचं नाव फोडलंत, मग पुढची तीनशे पानं वाचायची कशासाठी?” माझ्या कादंबरीचं हस्तलिखित ज्यांनी वाचलं, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने हे विचारलं. पुण्याच्या मावशीने, इथल्या मराठी मित्रांनी, एका संपादकांनी. कादंबरी टोरांटोत घडते, तिच्यातली बहुतेक माणसं गे आहेत आणि एक जण त्यांना वर्षानुवर्षं एकेक करून मारतो. रहस्यकथेचा वाचक खुनी ओळखायला बसतो आणि मी ते कामच त्याच्या हातातून काढून घेतो. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

मी २०११ मध्ये साताऱ्याहून टोरांटोला आलो. सुरुवातीची सहा वर्षं चर्च आणि वेलस्ली या रस्त्यांच्या चौकाजवळ राहिलो. त्या वस्तीला सगळे नुसतं ‘व्हिलेज’ म्हणतात. दोन पुरुष भर दुपारी हात हातात घेऊन भाजी आणायला जातात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिलं. आणि बेपत्ता माणसांची पत्रकंही तिथल्याच खांबांवर पाहिली. जुन्यावर नवं डकवलेलं, पावसाने कडा सुटलेल्या, पण फोटोतले डोळे शाबूत. चेहरे आपल्या बाजूचे. २०१० ते २०१२ या काळात तीन जण गेले होते. एक श्रीलंकेचा तमिळ, दोघे मूळचे अफगाणिस्तानचे. पोलिसांनी ‘प्रोजेक्ट ह्यूस्टन’ नावाने तपास केला आणि २०१४ मध्ये हाती काही न लागता तो बंद केला. त्याच तपासात २०१३ साली त्यांनी एका माळीकाम करणाऱ्या माणसाची साक्षीदार म्हणून चौकशी केली होती. तोच खुनी होता. ब्रूस मॅकआर्थर. २०१६ मध्ये एक माणूस त्याच्या हातून सुटून पळाला, ‘यानं माझा गळा आवळला’ म्हणाला. पोलिसांनी मॅकआर्थरचं म्हणणं खरं मानलं आणि त्याला सोडून दिलं. त्यानंतरही खून झाले.

एकंदर आठ. त्यातल्या दोघांबद्दल तर कधी बेपत्ता असल्याची तक्रारच झाली नव्हती. एकाला राहायला पक्कं घर नव्हतं. दुसरा तमिळ तरुण, २०१० मध्ये ‘सन सी’ या जहाजातून आश्रय मागायला आलेल्या जवळपास पाचशे जणांपैकी एक. त्याचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला होता, त्यामुळे तो परत पाठवतील या भीतीने कुठेतरी लपला असेल, असं घरच्यांना वाटत राहिलं. पोलिसांनी नातेवाइकांना त्याच्याबद्दल कळवलं तेव्हा तो जाऊन दोन वर्षं झाली होती.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मी दर रविवारी आईला फोन करायचो. हवा सांगायचो, जेवण सांगायचो. कुठल्या वस्तीत राहतो, कोणाबरोबर राहतो, हे सांगत नव्हतो. मी नाहीसा झालो असतो तर आईने पोलिसांना काय सांगितलं असतं? तिच्याकडे माझ्या एकाही मित्राचा नंबर नव्हता. पुढचा रविवार येईपर्यंत तिला शंकासुद्धा आली नसती.

२०१७ चा जून आठवा. एक जण नाहीसा झाला आणि दोन-चार दिवसांतच मित्र त्याच्या दाराशी उभे होते. कारण तो गोरा होता, एका इमारतीची देखभाल बघायचा, स्वयंसेवक म्हणून सगळीकडे ओळखीचा होता आणि आपल्या म्हाताऱ्या मांजरीला उपाशी ठेवून जाणारा नव्हता. त्याच्या घरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसापुढे एकच शब्द होता, ‘ब्रूस’. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात एक लाल डॉज कॅरव्हॅन दिसली. हजारो गाड्यांच्या यादीत ब्रूस नावाचे मालक निघाले फक्त पाच. हा भाग लिहिताना माझेही हात शिवशिवले, थरारकथेला याहून सुंदर धागा मिळत नाही. पण ओढायला धागा होता तो त्या माणसाला शोधणारे मित्र होते म्हणून. आधीच्यांपैकी एकाच्याही घराचं दार इतक्या लवकर कोणी वाजवलं असतं, तर?

डिसेंबरात पोलीसप्रमुख पत्रकारांसमोर म्हणाले की हातात असलेल्या पुराव्यांवरून सीरियल किलर असल्याचं दिसत नाही. सहा आठवड्यांनी, १८ जानेवारी २०१८ ला, मॅकआर्थरला अटक झाली. तो ज्या बंगल्याचं गवत कापायचा, तिथल्या झाडांच्या मोठ्या कुंड्यांत आणि मागच्या घळीत अवशेष सापडले. पुढे निवृत्त न्यायाधीश ग्लोरिया एपस्टाइन यांनी बेपत्ता व्यक्तींच्या तपासाचा आढावा घेऊन २०२१ मध्ये १५१ शिफारशी केल्या. मी तो अहवाल कादंबरीपेक्षा जास्त वेळा वाचला आहे.

हा माणूस नाताळात मॉलमध्ये सांताक्लॉज व्हायचा. ते फोटो जगभर छापले गेले, आणि ते प्रकरण कादंबरीत हवंच असं मला तिघांनी सुचवलं. मी ते घेतलं नाही. माझ्या खुन्याला तीनशे पानांत मिळून सहा पानं दिली आहेत. “खुनीही गेच का दाखवता, आधीच बदनामी कमी आहे का?” असंही विचारतात. इथे तो वस्तीतलाच होता, लोक त्याला ओळखत होते, ते लपवलं तर मेलेल्यांशी खोटं बोलल्यासारखं होईल. मात्र त्याच्या मनात शिरायची मला इच्छा नाही. वाचकाने पान उलटावं ते आता तरी कोणी शोधायला निघेल का, या धास्तीने. तो सस्पेन्स मला खांबाखाली उभं राहून ठाऊक आहे.

सध्या शेवटून दुसऱ्या प्रकरणात अडकलो आहे. नायकाचा शेजारी, एक म्हातारा गुजराती दुकानदार, तक्रार द्यायला चौकीत आला आहे. नाव लिहितो, उंची लिहितो, शेवटचं कधी पाहिलं ते लिहितो. पुढच्या चौकटीत ‘हरवलेल्या व्यक्तीशी नातं’ असं छापलेलं आहे. त्याला माहीत आहे ते इतकंच, की पोरगा रोज सकाळी दूध न्यायचा आणि सुट्टे मोजून द्यायचा. बाहेर बर्फ पडतंय, काउंटरमागची बाई पेन परत मागतेय, आणि म्हातारा अजून लिहितोच आहे.