दुकानातला जुना पीसी, विंडोज १० आणि लिनक्स मिंट: माझा अनुभव

देवगडला आमचं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं छोटं दुकान आहे, सातबारा, शिष्यवृत्ती, लाईटबिल आणि सीझनला आंब्याच्या पेट्यांची लेबलं, बिलं. पीसीचा प्रोसेसर इंटेलचा चौथ्या जनरेशनचा आय-३, रॅम ४ जीबी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पुढे वर्षभराची वाढीव मुदत दिलीय पण ती वर्षभरच, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो म्हणजे आमचं मशीन त्यात बसतच नाही. लोकांची आधार कार्डं, पासबुकं रोज ज्या मशीनवर उघडतात ते अपडेटशिवाय चालवायचं हे मला अजिबात पटत नव्हतं, आणि नवीन घ्यायला सीझनचे पैसे यायला हवेत.

भाचा रत्नागिरीला डिप्लोमा करतो, त्याने लिनक्स मिंट सुचवलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, आणि म्हणाला "मावशी, आधी पेनड्राईव्हवरून चालवून बघ, डिस्कला हात पण लावू नको." मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घेतली, ती हलकी असते. पेनड्राईव्हवरून सगळं हळूच चालतं, त्यावरून स्पीड ठरवू नका, फक्त वायफाय, स्कॅनर, आवाज, मराठी टायपिंग चालतंय का ते बघा. इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगची कीबोर्ड मांडणी, दोन्हीकडे सारखीच आहे त्यामुळे माझी बोटं अडली नाहीत.

आता स्पीडचं. लोक जुन्या हार्ड डिस्कवरचं विंडोज आणि नव्या एसएसडीवरचं (चिपवाली वेगवान डिस्क) लिनक्स यांची तुलना करतात, ती तुलनाच नाही. आम्ही आधी एसएसडी बसवली, तिच्यावर विंडोजच चालवून बघितलं, आणि खरं सांगते निम्म्याहून जास्त त्रास तिथेच संपला, मशीन चालू व्हायला मिनिटं लागायची ती सेकंदांवर आली. मग त्याच डिस्कवर शेजारी मिंट टाकलं. चालू होण्यात दोघांत फार फरक नाही, फरक रॅममध्ये आहे. काही न उघडता विंडोज निम्मी रॅम घेऊन बसतं, मिंट एक जीबीच्या आत, त्यामुळे ब्राऊझरच्या पाचसहा टॅब, वर स्कॅन केलेली पीडीएफ आणि व्हॉट्सअॅप वेब एकदम उघडलं की विंडोजवर रॅम भरून डिस्कवर काम जातं आणि माऊस अडखळायला लागतो, मिंटवर गिऱ्हाईक समोर उभं असताना असं क्वचितच होतं.

अपडेटचं पण मला मिंटचं आवडलं, मी बटण दाबेन तेव्हाच ते घेतं, रीस्टार्ट बहुतेक कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बदलला तरच. पावसात आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, नेट बऱ्याचदा मोबाईलचं हॉटस्पॉट, तिथे हे फार महत्त्वाचं आहे. लाईट गेली की म्हाताऱ्या आजी विचारतात "माझो फॉर्म गेलो काय गो?" त्याला उपाय इन्व्हर्टरच, कुठलीही ऑपरेटिंग सिस्टीम असो.

विंडोज काढून का नाही टाकलं? अंगठ्याच्या मशीनमुळे. आमच्या मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे आधारसाठी अंगठा घेणारं सॉफ्टवेअर, विंडोज आणि अँड्रॉइडलाच आहे. टॅली पण विंडोजचंच. जुन्या फॉन्टमधले अर्ज मिंटवर फॉन्ट कॉपी करून वाचता येतात, त्यात टाईप करायला मात्र त्या फॉन्टचं विंडोजवरचं सॉफ्टवेअरच लागतं. इथे विंडोजला तोड नाही, कारण डिव्हाइस बनवणारे आधी त्याचाच ड्रायव्हर काढतात. प्रिंटरचं पण तसंच, इंकटँकवाला केबल लावल्याबरोबर मिंटने ओळखला, जुन्या लेझरसाठी मात्र भाच्याने रात्र घालवली. म्हणून डाऊनलोड करायच्या आधी प्रत्येक डिव्हाइसचा मॉडेल नंबर शोधून बघा.

दोन्ही ठेवणार असाल तर बॅकअप घेऊन दोन गोष्टी करा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर ते पूर्ण बंद होत नाही आणि मिंटमधून डिस्कच्या विंडोजवाल्या भागावर फाईल सेव्ह होत नाही. दुसरं घड्याळ, विंडोज मशीनच्या घड्याळात आपली वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणून मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की वेळ साडेपाच तास मागे दिसते. मिंटच्या टर्मिनलमध्ये एका कमांडने त्याला लोकल टाईम धरायला सांगता येतं. आता अंगठा आणि टॅलीपुरतं विंडोज, बाकी दिवसभर मिंट २२, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.