तुम्ही विचारलंत म्हणून: इतक्या आवाजात ध्यान होतं तरी कसं?

बिल्डिंगमधले विचारतात, शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारतात, आणि माझी भावजय तर दर गणपतीला विचारते: "ताई, तुम्ही राहता ठाण्यात, तेही पाचपाखाडीत. आजूबाजूला सगळं पाडकाम. मग तुमचं ध्यान होतं तरी कसं?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा आणखी एक वाक्य असतं. आम्हाला कुठे शांत जागा मिळाली असती, तर आम्हीही केलं असतं.

खरं सांगू? मला आवाजाचा त्रास कमी होतो, आवाजावरच्या माझ्या भाषणाचा जास्त.

आमच्या शेजारच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे. ब्रेकर सुरू झाला की खिडकीची तावदानं थरथरतात, मांडणीतले पेले एकमेकांवर किणकिणतात. धडधड होते, थांबते. पण तेवढ्यात डोक्यात काय काय होऊन जातं बघा: आज वेळेआधीच कसा सुरू केला? सेक्रेटरींना सांगून काही उपयोग आहे का? उद्या आमचीही बिल्डिंग पाडायला काढली तर भाड्याने जायचं कुठे? दोन वर्षं म्हणतील आणि पाच लावतील. सासूबाईंना लिफ्ट नसलेली जागा चालायची नाही. ब्रेकर केव्हाच बंद झालेला असतो, तो चालवणारा मुलगा चहा प्यायला गेलेला असतो, आणि माझं भांडण अजून रंगात आलेलं असतं.

मी करते ते एवढंच, की भांडण चालू आहे हे लक्षात आलं की श्वासाकडे परत येते. रांगतं मूल उंबऱ्याकडे गेलं की आपण उचलून पुन्हा चटईवर आणून ठेवतो ना, तसं. ते परत जाणारच. त्याच्यावर ओरडून उपयोग नसतो.

श्वासाकडे म्हणजे नेमकं कुठे? नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर जी बोटभर जागा आहे, तिथे. श्वास आत येताना गार लागतो, जाताना किंचित कोमट. तो मुद्दाम खोल घ्यायचा नाही, जसा आहे तसा बघायचा. विपश्यना नावाच्या ध्यानपद्धतीच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस हेच करायला लावतात, त्याला आनापान म्हणतात. ऐकायला सोपं आहे. करून बघा, चार श्वासांत मन भाजी आणायला जातं.

ज्यांना हे सगळं हवेतलं वाटतं, त्यांनी मनगटावर बोट ठेवून नाडी बघावी. श्वास घेताना ती जराशी जलद होते, सोडताना मंदावते. व्हेगस नावाची एक लांबच लांब नस मेंदूपासून हृदयापर्यंत आणि पुढे पोटात जाते, तिचं हे काम. म्हणून फार घालमेल होत असेल तेव्हा आधी दोन-चार उच्छ्वास लांबवून सोडावेत, मग बसावं.

आता शांत जागेबद्दल. जुन्या ग्रंथांत एकांत सांगितलाय, आणि नवख्या माणसाला त्याचा उपयोग होतो हेही खरं. बेलापूरला पारसिक हिलवर विपश्यनेचं केंद्र आहे, इगतपुरीला तर १९७६ पासून आहे. जमेल त्याने जरूर जावं. पण ज्यांच्यामुळे ही केंद्रं उभी राहिली, त्या सत्यनारायण गोयंकांनी भारतातलं पहिलं शिबिर १९६९ साली घेतलं ते मुंबईतल्याच एका धर्मशाळेत. आणि त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन कोण होते? स्वतंत्र ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल. सरकारी हिशेब सांभाळणारा माणूस, कचेरीतच कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवायचा. मला हे फार आवडतं. पहाटेच्या धुक्यात नदीकाठी बसलेल्या माणसांचे फोटो आणि मागे बासरी, यापेक्षा तरी नक्कीच. (ती बासरी बंद करता येत नाही म्हणून मी ध्यानाची दोन ॲप काढून टाकली.)

माझी शाळा ऐरोलीत. ट्रान्स-हार्बर लोकलला ठाण्याहून चढले की बसायला मिळतंच असं नाही. मग तळपायांवर लक्ष ठेवते. डोळे उघडेच, हात वरच्या कडीला. गाडी वळली की वजन टाचेवरून पंजावर येतं, कुणाची पर्स बरगडीत रुतते, तेही कळतं. आता मध्ये दिघा गाव स्टेशन झालंय, तेवढाच एक मिनिट जास्त.

शांती वगैरे मिळते का, हाही प्रश्न येतोच. माझ्या बाबतीत राग येतो, पण तो येताना दिसतो आणि संध्याकाळपर्यंत टिकत नाही. याहून मोठा दावा मी करणार नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ४७ चाचण्या एकत्र तपासल्या, सुमारे साडेतीन हजार लोकांच्या. चिंता, नैराश्य आणि दुखणं यांत ध्यानाने थोडाफार फरक पडतो असं त्यांना दिसलं. पण औषधं किंवा व्यायामापेक्षा ते सरस ठरतं, असा पुरावा सापडला नाही. तेव्हा बीपीची किंवा मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर ती माझं ऐकून सोडू नका. आणि डोळे मिटल्यावर जुन्या गोष्टी अंगावर येऊन जीव घाबरा होत असेल, तर दात-ओठ खाऊन बसून राहण्यात काही शौर्य नाही. उठा, उपवन तलावाला एक फेरी मारून या, डॉक्टरांशी बोला.

राहता राहिले गुडघे, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. मांडी घातलीच पाहिजे असं काही नाही. मी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसते, पाय जमिनीवर, पाठ शक्यतो न टेकता. जेवल्यावर लगेच मात्र बसू नका, सरळ घोरायला लागाल.