ओळ आली की लगेच लिहायची
काल सकाळी पुण्यात पीएमपीच्या बसने लकडी पुलावरून जात होते, खडकवासला धरणातून नदीत पाणी सोडलेलं, तिकडे भिडे पूल पाण्याखाली, आणि अचानक ओळ आली, 'नदी जागी झाली पुन्हा'. बोटांवर मोजलं तर बरोब्बर आठ अक्षरं, म्हणजे अष्टाक्षरी छंदाचा एक चरण आयताच मिळाला! मोबाईल पिशवीत पार तळाशी, मग तिकिटाच्या मागेच लिहून टाकली. घरी जाऊन लिहू म्हटलं ना की अर्थ राहतो पण लय जाते, आणि मला लयच हवी असते. रोज रात्री जेवणं झाली की असे चिटोरे वहीत उतरवते, तारीख आणि जागा टाकून, कविता होवो न होवो. कालच्या ओळीला दुसरा चरण अजून सापडला नाहीये, आज परत त्याच बसने जाणारे.