पानावरचे माझे नाव

बुधवार, 14 सप्टेंबर 2022. पणजी, रात्री उशिरा.

चवथ आटोपून घर आता कुठे शांत झाले आहे. रविवारी ह्यांचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातले श्राद्ध, असल्यामुळे आज मी सामानाची यादी करत बसले होते, तेवढ्यात बातमी आली की गोव्यातल्या काँग्रेसच्या अकरा आमदारांपैकी आठ जणांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला आणि त्यांत माजी मुख्यमंत्री दिगंबर कामतही आहेत. यादी अर्धवटच राहिली. इतर सात नावांनी मला एवढा त्रास झाला नसता. या एका नावाने मात्र अकरा वर्षांमागचे पणजीचे आझाद मैदान डोळ्यांपुढे उभे केले.

2011 साली मुख्यमंत्री असताना कामत यांच्या सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही सरकारी अनुदान देण्याचे ठरवले. त्याआधी, 1990 साली शिक्षणमंत्री असताना शशिकलाताई काकोडकरांनी प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी आणि कोकणी माध्यमापुरते राखले होते, आणि आमच्यासारख्यांची शाळा त्या धोरणावर उभी होती. माझे वडील गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, म्हणजे मगोच्या, सिंहाला मत देणारे. भाऊसाहेबांच्या काळात गावोगावी मराठी शाळा निघाल्या, त्यांतल्याच एका शाळेत मी शिकले आणि पुढे जन्मभर मराठी प्राथमिक शाळेत शिकवले. त्यामुळे इंग्रजीच्या अनुदानाविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच स्थापन झाला तेव्हा आम्ही दोघेही त्यात गेलो. हे संघाच्या शाखेत जाणारे होते, मी शाळेतली. पण त्या मैदानावर आम्ही एकाच कारणासाठी बसलो होतो, आणि भाजपचे नेते आमच्या बाजूला बसले होते.

2012 मध्ये भाजपला 21 जागा मिळाल्या, मनोहरभाई पर्रीकर मुख्यमंत्री झाले, आणि चर्चशी संबंधित इंग्रजी शाळांचे अनुदान तसेच चालू राहिले. सरकार चालवताना अडचणी असतात, सर्वांना सांभाळून घ्यावे लागते, हे मला मान्य आहे आणि त्या वेळीही मान्य होते. खटकले ते एवढेच, की आमच्याशी कोणी सरळ बोलले नाही. ‘हे आम्हांला जमणार नाही’ असे घरी येऊन सांगितले असते, तर वाईट वाटले असते, पण विश्वास राहिला असता. त्याऐवजी वर्षे गेली. 2016 मध्ये भाषा मंचाचे नेते सुभाष वेलिंगकर सरांना गोव्याच्या संघचालकपदावरून दूर करण्यात आले, तेव्हा शेकडो स्वयंसेवकांनी जबाबदाऱ्या सोडल्या. त्या रात्री हे जेवले नाहीत. त्याच ऑक्टोबरात शशिकलाताई गेल्या. 2017 च्या निवडणुकीनंतर रुसलेले स्वयंसेवक संघात परतले, भाषा मंचातून निघालेल्या गोवा सुरक्षा मंच या पक्षाला एकही जागा मिळाली नव्हती, आणि ज्या मगोपक्षाने त्या मंचाशी युती केली होती तोच भाजपच्या सरकारात जाऊन बसला. तरीही 2017 मध्ये मी कमळालाच मत दिले होते. पक्षाशी भांडण म्हणजे घरातले भांडण, ते मतपेटीपर्यंत न्यायचे नसते, असे मला तेव्हा मनापासून वाटत होते.

1994 पासूनचे माझे एकही मत कमळाला चुकलेले नव्हते. त्या वर्षी पक्षाचे चारच आमदार निवडून आले आणि त्यांत पणजीचे मनोहर पर्रीकर होते. हा अभिमान आमच्या घराने सणासारखा जपला. मार्च 2019 मध्ये मनोहरभाई वारले. मे महिन्यातल्या पोटनिवडणुकीत पंचवीस वर्षांनी पणजी पक्षाच्या हातून गेली, कारण बाबुश मोन्सेरात काँग्रेसतर्फे निवडून आले. त्यांच्या विरोधात प्रचार करत आमचे कार्यकर्ते उन्हात दारोदार फिरले होते. जुलैमध्ये काँग्रेसचे पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये आले, त्यांत बाबुशही होते. ज्यांना पाडण्यासाठी आम्ही मत दिले त्यांनाच पुढल्या खेपेस मत द्या, असे आम्हांला सांगितले गेले. म्हणून यंदा फेब्रुवारीत, आयुष्यात प्रथमच, मी दुसरे बटण दाबले. मनोहरभाईंचे चिरंजीव उत्पल पर्रीकर अपक्ष उभे होते. पक्षाने त्यांना दुसऱ्या मतदारसंघांचे पर्याय दिले होते, पण त्यांना पणजीच हवी होती. ते 716 मतांनी हरले. त्या मतदानानंतर घरी आल्यावर मी ह्यांच्या फोटोकडे बराच वेळ पाहू शकले नाही, हे इथे लिहून ठेवते.

आजचे दुःख त्याहून मोठे आहे. 2019 मध्ये तरी सरकार काठावर होते आणि ते टिकवायला माणसे हवी होती, असे समजून घेता येत होते. यंदा वीस आमदार आपले, शिवाय मगोचे दोन आणि तीन अपक्ष सोबत, म्हणजे चाळीसच्या सभागृहात पंचवीस. आणखी आठ कशासाठी? दोन-तृतीयांश आमदार एकत्र आले तर पक्षांतरबंदीच्या कायद्यानुसार, म्हणजे राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार, ते विलीनीकरण ठरते आणि आमदारकी जात नाही, म्हणून आठ. कायद्याचा हिशेब जमला. परंतु जानेवारीत याच उमेदवारांनी महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसापाशी, म्हणजे क्रॉसपाशी, आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती. आपण देवाला विचारूनच निर्णय घेतला, असे कामत आज म्हणाले. महालक्ष्मीला मी दर शुक्रवारी जाते. देव, वचन आणि परंपरा यांना मान असावा म्हणूनच आमच्यासारखी माणसे या पक्षाकडे आली; त्याच पक्षाने मोडलेल्या शपथेचे हारतुऱ्यांनी स्वागत करावे, हे मला सहन होत नाही. कामत पूर्वी भाजपचेच होते, 2005 मध्ये सोडून गेले होते, ते परत आले तर काय बिघडले, असे शेजारच्यांनी विचारले. बिघडले ते हे, की आझाद मैदानावर आम्ही ज्या निर्णयाविरुद्ध बसलो त्याबद्दल ना त्यांनी एक शब्द काढला ना पक्षाने त्यांना विचारला.

मी काँग्रेसची होणार नाही. माझी मते बदललेली नाहीत. मुलाने पहिली अक्षरे आईच्या भाषेत गिरवावीत असे मला आजही वाटते, सणवार पाळावेत असे वाटते, देश आधी असे वाटते. मग या मतांचे प्रतिनिधित्व करणारा कोण, या प्रश्नाचे उत्तर मला आज रात्री सापडत नाही.

संध्याकाळी पक्षाचा आमचा पन्नाप्रमुख आला होता. मतदारयादीतल्या ज्या पानावर आमचे घर आहे ते पान तो सांभाळतो. मुलगा चांगला आहे, ह्यांच्या आजारपणात रात्री-अपरात्री धावला आहे. नव्या आमदारांच्या सत्काराला या, असे सांगायला आला होता, पण माझा चेहरा पाहून खाली बसला. चहा घेताना त्याने हळूच विचारले, ‘‘काकी, आमच्या यादीत तुमच्या नावापुढे नेहमीची खूण ठेवू ना?’’ मी म्हटले, ‘‘नाव ठेव, बाबा, खूण मात्र पुसून टाक. वर कोणी कारण विचारले तर भाषेचे सांग, आणि शपथेचे सांग.’’ तो म्हणाला, ‘‘वर कोणी विचारत नाही, काकी.’’