पानशेतच्या जरा अलीकडे

रविवार, रात्री साडेनऊ

आज सायकलने पानशेत रस्त्याला जाऊन आलो. हिंगण्यातल्या घरापासून जाऊन-येऊन 70 किलोमीटर. मांड्या भरून आल्यात, पण जिना उतरताना कठडा धरावा लागत नाहीये, म्हणजे ठीकच.

मागच्या वर्षी सायकल घेतल्या घेतल्या चौघांच्या मागे बोपदेव घाट चढायला गेलो होतो. सगळी नजर मोबाइलवरच्या वेगाच्या आकड्यावर. अर्ध्या घाटात पोटरीत गोळा आला नि सायकल ढकलत वर नेली. पुढचे तीन आठवडे तिच्या हँडलवर टॉवेल वाळत होते.

या खेपेला ठरवलं, अजून पुढे जावंसं वाटत असतानाच परत फिरायचं. आधी नुसतं खडकवासल्यापर्यंत. मग डोणजे. मग खानापूर. दर वेळी पुढचं एखादं वळण बघायचं राहून जायचं, आणि त्या वळणापायी रविवारी पाचला गजराआधीच जाग यायची. (एरवी ऑफिसला साडेसातलाही उठवत नाही.) चढाला जड गिअर रेटणं सोडलं, हलका टाकायचा, पाय भरभर फिरवायचे, कुणी पुढे गेलं तर जाऊ द्यायचं. सीट बोटभर वर घेतली आणि गुडघ्याची कुरकुर थांबली. इतके दिवस मी गुडघ्याला तेल चोळत होतो! खिशात शेंगदाण्याचे लाडू. भूक लागायच्या आत खायचे. एकदा का पोटात खड्डा पडला की मग पाय ऐकत नाहीत.

ऑफिसातल्या मित्राने 200 च्या बीआरएमचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकलफेरीचं, टुमणं लावलंय. साडेतेरा तासांत 200 किलोमीटर, म्हणजे थांबे धरून ताशी 15 सुद्धा नाही. आज मला पाच तास लागले, ताशी 14. भजी वजा केली तर जमतंय. पण तिथे भजी वजा करत नाहीत म्हणे, घड्याळ चालूच राहतं.

जेवताना आईला सांगितलं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा ती सात वर्षांची, शनिवार पेठेत राहायची. घास हातातच ठेवून म्हणाली, "एवढ्या लांबून आलं होतं होय पाणी?" मग थोड्या वेळाने, "भिंत बघितलीस का रे?"

नाही बघितली. अलीकडच्या टपरीवरूनच फिरलो.