अक्रोडाची मूठ

श्रावणात घराची दारे फुगतात, कपाटाचे खण अडकतात, आणि घरातला प्रत्येक जण त्यांना एकेक धक्का देऊन आपल्या कामाला लागतो. माझ्या घरी या फुगणाऱ्या वस्तूंत एक पिस्तूलही आहे. पुसून कोरडी करायला म्हणून काढून ठेवलेली त्याची लाकडी मूठ परवा दुपारी परत चढवायला गेलो, तर एरवी सहज सरकणारे ते अक्रोडाचे लाकूड अर्ध्या वाटेवर थांबले आणि पुढे जायला तयार होईना. बाहेर पाऊस होता, चहाला अवकाश होता आणि हाताशी कानस होती. एवढ्या भांडवलावर एक दुपार सुखाने घालवता येते.

पिस्तूल म्हटल्यावर पाहुणे जरा सावरून बसतात, म्हणून सांगून टाकतो की हे पिस्तूल हवेच्या दाबावर चालते, त्यातून साडेचार मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सुटतो, आणि दहा मीटरवरच्या कागदाखेरीज त्याने आजवर कोणाचेही काही वाकडे केलेले नाही. ऑस्ट्रियात बनलेले हे यंत्र माझ्याकडे आले तेव्हा त्याला कारखान्याची मध्यम मापाची मूठ होती. मध्यम मापाचा हात नेमका कोणाचा असतो, हे मला आजवर उमगलेले नाही. माझी बोटे लांब आणि तळवा अरुंद आहे, त्यामुळे बोटे नको तेवढी पुढे जात आणि तळव्याच्या खळग्यात एक पोकळी उरत असे, जिच्यात ते पिस्तूल आपल्या मर्जीने वळत असे. नेमबाजीच्या सरावाच्या जागी, म्हणजे रेंजवर, याला ‘ग्रिप बसत नाही’ एवढेच म्हणतात, आणि त्यावर प्रत्येकाचा आपापला तोडगा असतो. कोणी डॉक्टरी चिकटपट्टी गुंडाळतो, कोणी एम-सीलचा लगदा थापून त्यावर ओला हात दाबून धरतो. रबरी मूठ मात्र मला सोसत नाही. ती हाताचे सगळेच ऐकते, आणि सगळेच ऐकणाऱ्या वस्तूला आपले काय चुकते ते सांगता येत नाही.

हा चोखंदळपणा वाटतो तितका निरर्थक नाही. दहा मीटरवरच्या पिस्तुलाच्या टार्गेटवर दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे असते. नेम धरताना डोळ्याने जुळवायची पिस्तुलाच्या टोकाची माशी आणि मागची खाच यांत साधारण तेहेतीस सेंटिमीटरांचे अंतर धरले, तर माशी खाचेच्या मध्यापासून ०.२ मिलिमीटर सरकली की छर्रा कागदावर सहा मिलिमीटर सरकतो, म्हणजे केंद्रापासून निघून त्या वर्तुळाच्या कडेला टेकतो. मुठीचा एखादा उंचवटा अंगठ्याच्या मुळाशी टोचत असेल, तर मनगट नकळत त्याच्यापासून दूर होते आणि तेवढी सरक सहज घडते. नेमबाज मग श्वासाला दोष देतो, झोपेला देतो, रेंजवरच्या दिव्यांनाही देतो. लाकूड गप्प असते.

जर्मनीत रिंक, निल यांसारखे केवळ मुठी बनवणारे कारागीर आहेत. कागदावर हात पसरून भोवती पेन्सिल फिरवायची, ती आकृती धाडायची आणि वाट पाहायची, असा हा मामला असतो. माझी मूठ आली ती तेल न पाजलेली, कोरड्या अक्रोडाची, हाताच्या आकाराच्या जवळपास येऊन थांबलेली. उरलेले ज्याचे त्याने कोरायचे. त्यासाठी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत कानशी घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने सवयीने विचारले, ‘कशासाठी पाहिजे?’ खरे उत्तर दिले असते तर काउंटरवर जी शांतता पसरली असती, ती टाळण्यासाठी मी ‘दांडा बसवायचाय’ असे सांगितले. त्याने अर्धगोल, गोल आणि निमुळती अशा तीन कानशी पुढे ठेवल्या, आणि त्या तिन्ही अगदी बरोबर निघाल्या.

मुठीचे कोरणे हे कमी करण्याचे काम आहे, पण कोठे कमी करायचे हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी मी काजळ वापरतो. तळव्यावर आणि बोटांच्या पेरांवर काजळाचा पातळ हात फिरवायचा, मूठ नेम धरल्यासारखी पकडायची, सोडायची, आणि लाकडावर जेथे काळे उमटले तेथे कानस लावायची. काळ्या डागांखालचे लाकूड निघून गेले की पुन्हा काजळ, पुन्हा पकड. सुरुवातीला दोन-तीनच डाग उमटतात, मग ते पसरत जातात, आणि शेवटी सगळा हात लाकडावर सारखा उमटू लागतो. आईची काजळाची डबी या कामी आल्याचे तिला आवडले नाही, पण तिचा आक्षेप पिस्तुलाला नव्हता, डबी उघडी टाकण्याला होता.

लहानपणी भुदरगडाकडच्या माझ्या आजोळी गावाच्या टोकाला एक सुतारकाका होते, ज्यांच्या पडवीत मे महिन्याच्या सुटीतल्या कितीतरी दुपारी मी बसून काढल्या आहेत. अवजारांचे दांडे बहुतेक बाभळीचे असत. पेरणीच्या आधी गावातली सगळी कुदळ-फावडी, कुऱ्हाडी आणि खुरपी तेथे जमा होत, आणि सुतारकाका आलेल्या माणसाशी बोलता बोलता त्याच्या हाताकडे पाहत. माप म्हणून कधी पट्टी काढलेली मला आठवत नाही. ‘हात दाव बगू,’ एवढे म्हणून ते समोरच्याचा पंजा आपल्या पंजात धरून दाबत, सोडत, आणि वाकसाने लाकूड तासायला घेत. कुऱ्हाडीच्या नेढ्यात दांडा ठोकून वरून पाचर मारली, की फुटक्या बाटलीच्या काचेने तो खरवडण्याचे काम माझ्याकडे येई. काचेच्या कडेखाली बाभळीचा पापुद्रा कागदाहूनही बारीक निघतो आणि त्याला एक तुरट वास असतो. जाणत्या माणसांच्या कामात आपला हात लागतो आहे, या भावनेने मी तो दांडा इतका खरवडत असे की शेवटी सुतारकाका काच काढून घेत.

आजीच्या विळ्याची मूठही त्यांचीच होती. ती आखूड होती, एका बाजूने बसकी होती, आणि आजीचा एक अंगठा जन्मतःच थोडा वाकडा असल्यामुळे तेथे लाकडात एक उथळ खाच होती. मामी तो विळा हाती घेई तेव्हा कुरकुरत असे, कारण ती खाच तिच्या हाताला भलत्या जागी लागे. आजी गेल्यावर त्या विळ्याचे काय करायचे हे कोणालाच सुचले नाही. पाते चांगले होते, मूठ चांगली होती, फक्त तो दुसऱ्या कोणाचा होऊ शकत नव्हता. पुढे मामांनी मूठ उपसून पात्याला बाजारची नवी बसवली, आणि जुनी मूठ बंबात गेली असावी.

एकदा मी सुतारकाकांना विचारले होते की दांड्याला रंग का लावत नाही. ‘रंग हाताला घसरतोय, पोरा. हाताचं त्याल पुरं हाय त्येला,’ असे ते म्हणाले. अक्रोडाला मी जवसाचे तेल पाजतो, पातळ हाताने, आणि दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसून घेतो. व्हार्निशचा चकचकीत थर मात्र मीही कधी चढू दिलेला नाही. पिस्तुलांच्या जाहिरातींत ज्या आरशासारख्या लखलखीत मुठी असतात, त्या घाम आलेल्या हातात कशा वागत असतील याचा विचार केला की मला त्यांच्या मालकांची काळजी वाटते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो की मी शस्त्रांच्या कपाटांपुढे नको इतका रेंगाळतो, आणि पात्यांकडे माझे फारसे लक्ष नसते. मराठ्यांची फिरंग म्हणून जी तलवार ओळखली जाते, तिचे लांब सरळ पाते पुष्कळदा युरोपातून आलेले असे आणि मूठ येथल्या कारागिराने चढवलेली असे. परदेशी पोलादाला घरची मूठ लावून आपलेसे करण्याचा हा उद्योग तेव्हाही चालत होता, हे पाहून मला जरा धीर येतो. शेजारच्या तलवारींच्या मुठी मात्र इतक्या आखूड असतात की पाहणारे काचेला नाक लावून ‘तेव्हाची माणसे लहानखुरी असणार’ असा निकाल देऊन पुढे जातात. मला हा निकाल पटत नाही. आखूड मूठ आणि तिच्या टोकाची चकती यांच्यामध्ये पंजा घट्ट अडकून बसावा, वार करताना तलवार हातात सरकू नये, यासाठी ती तशी घडवलेली दिसते. त्या मुठी ज्यांच्या हातांसाठी घडल्या त्यांना चुकलेल्या वाराचे गुण लिहून घ्यायची सोय नव्हती, हे त्या काचेपुढे उभे असताना आठवते आणि आपल्या काजळाच्या डबीची थोडी लाज वाटते. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ असे आपण म्हणतो तेव्हा लाकडानेच झाडाचा घात केल्याचे दुःख सांगत असतो; पण पोलाद तेथे एकटे काय करणार होते, हा विचार मला अधिक अस्वस्थ करतो. हत्याराला माणसाच्या हातात सुखाने बसवण्याचे काम शेवटी लाकूडच करते. माझी मूठ पूर्ण कोरून झाली त्या दिवशी मी डोळे मिटून पिस्तूल उचलले, डोळे उघडले, तर माशी खाचेत नेमकी मधोमध होती. हाताने काहीच केले नव्हते. आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ अंगावर एक बारीक काटाही आला.

अर्थात लाकडाला किती लाड करू द्यायचे, याचे नियम आहेत. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एअर पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, त्याचे वजन दीड किलोच्या वर जाता कामा नये, मनगट मोकळे दिसले पाहिजे, आणि तळव्याखाली टेकू देणारी पट्टी मुठीशी काटकोनापेक्षा लहान कोन करता कामा नये, नाहीतर ती हाताला कवेत घेते. पन्नास मीटरच्या फ्री पिस्तूल प्रकारात हे बंधन बरेच सैल होते. तेथे मूठ हाताभोवती हातमोज्यासारखी गुंडाळली जाई, बोटे लाकडात शिरत आणि पलीकडे दिसेनाशी होत. २०१६ च्या रिओनंतर तो प्रकार ऑलिंपिकमधून गेला. त्यामागची कारणे योग्य असतीलही, परंतु लाकूडकामाच्या बाजूने विचार करणाऱ्या माझ्यासारख्याला ते नुकसान वाटते.

हे वेड इतके जडले आहे की टीव्हीवर नेमबाजी पाहताना मला गुणफलक दिसतच नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले तेव्हा घरातले सगळे ओरडत होते, आणि मी पडद्याजवळ सरकून त्यांच्या अंगठ्याखाली लाकूड किती ठेवले आहे ते पाहण्याचा प्रयत्न करत होतो. हंगेरीच्या कारोय ताकाचची गोष्ट नेमबाजीच्या वर्तुळात नेहमी सांगितली जाते. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला, तो डाव्या हाताने नेम धरायला शिकला, आणि १९४८ व १९५२ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये त्याने रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्ण मिळवले. ऐकणारे त्याच्या जिद्दीने भारावतात. मीही भारावतो, पण मला त्याच वेळी हाही प्रश्न पडतो की त्याची डाव्या हाताची पहिली मूठ कोणी कोरून दिली असेल, कारण उजव्या हाताची मूठ डाव्या हातात धरून पाहिलेल्या माणसालाच ठाऊक असते की ती किती परकी लागते.

हा प्रश्न आमच्या घरातही येऊन पोहोचला आहे. माझी भाची रेंजवर येऊ लागली, बरी नेमबाज होईल अशी चिन्हे दिसू लागली, आणि माझी कोरलेली मूठ तिच्या हातात देण्याचा एक छोटासा समारंभ मी मनात योजून ठेवला. भाची डावखुरी आहे. हे मला तिच्या जन्मापासून माहीत आहे, तरीही मुठीशी त्याचा संबंध तिनेच जोडून दाखवला. ‘मामा, तुझी ग्रिप मला उलटी होते रे,’ असे म्हणून तिने ती अदबीने टेबलावर ठेवली. मी तिच्यासाठी अक्रोडाचा नवा ठोकळा मागवावा, काजळ आणावे, तिला कानस धरायला शिकवावे, अशा बेतात होतो. तेवढ्यात तिने मातीच्या गोळ्यात डावा हात दाबला, त्या गोळ्याचे मोबाइलवर चहूबाजूंनी फोटो काढले, आणि कॉलेजातल्या थ्रीडी प्रिंटरवरून एक मूठ छापून आणली. वजनाला हलकी आहे, त्यामुळे तोल थोडा नळीकडे जातो, एवढी एक त्रुटी मी शोधून काढली. ती आत शिशाचा एक तुकडा बसवून तिने त्याच आठवड्यात दूर केली. मूठ पहिल्याच दिवशी हातात बसली. कानस लागली नाही, तेल लागले नाही, पावसात ती फुगतही नाही. मला तिचा पोपटी रंग आवडलेला नाही, एवढे मात्र मी तिला स्पष्ट सांगितले.